पोलिसांच्या गाडीला वेगमर्यादा लागू आहे का? आणि त्या गाडीने धडक दिली तर भरपाई कोण देणार?

तुमच्या घरात रात्री मारामारी झाली, कोणी दार तोडून आत शिरले, तर तुम्ही ११२ क्रमांकावर फोन करता. पोलिसांची गाडी लवकरात लवकर यावी, वाटेत कुठेही थांबू नये, असेच तुम्हाला वाटते. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच रस्त्याने चालत रेशन दुकानाकडे निघता आणि तीच गाडी तुमच्या अंगावरून जाते की काय अशा वेगाने शेजारून निघून जाते. तेव्हा मनात येते, यांना काही नियम आहेत की नाही?

दोन्ही वेळी तुमचे म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच पोलिसांना वेगमर्यादेतून सूट असावी का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. या लेखात आधी कायद्यात काय लिहिले आहे ते पाहू, मग ते पुरेसे आहे का, आणि शेवटी तुमच्या सर्वांत कामाची गोष्ट: सरकारी गाडीने धडक दिली तर पैसे कुठून, कसे आणि किती मिळतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे जास्त वेग हे कारण नोंदले गेले. मेलेल्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. हे आकडे सर्व प्रकारच्या वाहनांचे आहेत, फक्त सरकारी गाड्यांचे नाहीत. पण ज्याच्याकडे गाडी नाही, तो दुसऱ्याच्या वेगाची किंमत किती मोजतो, हे त्यांतून कळते.

कायद्यात सूट कुठे आहे?

वेगमर्यादेचा मूळ नियम मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ मध्ये आहे. (मदतीचा क्रमांकही ११२ आणि कलमही ११२, हा निव्वळ योगायोग. लक्षात ठेवायला मात्र सोपा.) ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने कोणीही गाडी चालवू नये आणि कोणाला चालवायला लावू नये, असे हे कलम सांगते. या कलमातच एक अपवाद आहे, तो लष्करी सरावाच्या वेळी, ठरलेल्या भागात आणि ठरलेल्या काळात वापरल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी. पोलिसांच्या गाडीचा त्यात उल्लेख नाही.

पोलिसांची सवलत दुसरीकडे आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये गाडी चालवण्याचे विनियम काढले. त्यांत अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पोलीस यांच्या गाड्यांना आपत्कालीन वाहने मानले आहे. रस्त्यावर आधी कोणाला जाऊ द्यायचे याचा क्रमही ठरवला आहे: आधी आगीचा बंब, मग रुग्णवाहिका, मग पोलीस. अशा गाडीला तातडीच्या कामावर असताना, सायरन आणि बहुरंगी दिवा चालू ठेवून, पुरेशी काळजी घेत लाल सिग्नल ओलांडता येतो आणि वेगमर्यादाही ओलांडता येते.

या वाक्यातली प्रत्येक अट महत्त्वाची आहे. काम तातडीचे हवे, म्हणजे कोणाचा जीव, सुरक्षितता किंवा मोठे नुकसान वाचवण्याचे. आपण येतो आहोत हे रस्त्यावरच्या माणसाला कळले पाहिजे. आणि एवढे सगळे असूनही चालकाने काळजी घ्यायलाच हवी. यांतली एक अट जरी सुटली तरी सवलत उरत नाही. मग ती गाडी आणि तुमच्या गावातला टेम्पो कायद्यापुढे सारखेच.

याचा अर्थ असा, की साहेबांना बैठकीला उशीर झाला म्हणून सायरन लावून ऐंशीच्या वेगाने गाडी नेणे या सवलतीत बसत नाही. रिकामी गाडी पेट्रोल पंपावरून ठाण्यात परत आणणे बसत नाही. ड्यूटी संपवून स्वतःच्या मोटारसायकलवर घरी जाणारा हवालदार बसत नाही. खासगी गाडीच्या काचेवर ‘पोलीस’ अशी पाटी लावणारा तर अजिबातच नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. अनेक व्यावसायिक वाहनांना वेग नियंत्रक, म्हणजे बोलीत ‘स्पीड गव्हर्नर’, बसवणे सक्तीचे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ मध्ये पोलीस वाहने, रुग्णवाहिका आणि आगीचे बंब यांना त्यातून वगळले आहे. त्यामुळे ‘पोलिसांना वेगाची मर्यादाच नाही’ असे काही चालकही सांगतात. यंत्र बसवण्यातून सूट मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावर किती वेगाने जायचे हे वरच्या अटींवरच ठरते.

मुळात ही सूट असावी का?

असावी, असे आमचे मत आहे. पण आज आहे त्यापेक्षा जास्त बांधलेली असावी.

थोडा हिशेब करू. ठाण्यापासून तुमचे घर १० किलोमीटर आहे. गाडी ताशी ६० च्या वेगाने आली तर १० मिनिटे लागतील, ८० ने आली तर साडेसात. अडीच मिनिटे वाचली. दारात हल्लेखोर उभा असेल तर ही अडीच मिनिटे फार मोठी आहेत, हे कोणी नाकारणार नाही. आता दुसरी बाजू पाहा. ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, ८० च्या वेगात सुमारे २२ मीटर. समोर मूल आले हे चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एवढे अंतर तसेच कापले जाते. ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर तर ८० ला ६० च्या जवळजवळ पावणेदोन पट होते. वाचलेली अडीच मिनिटे आणि वाढलेला हा धोका यांचा तोल चालकाला त्या क्षणी, एकट्याने सांभाळायचा असतो.

म्हणून या कामासाठी चालकाची तयारी महत्त्वाची ठरते. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्याने पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकांना वेगमर्यादेतून सूट आहे, पण मर्यादा पाळल्याने त्या कामातच अडथळा येणार असेल तरच. २०२२ च्या कायद्याने तिथे आणखी एक मोजपट्टी आली: पोलीस चालकाचे वागणे ठरलेले प्रशिक्षण घेतलेल्या, काळजीपूर्वक गाडी चालवणाऱ्या पोलीस चालकाच्या तुलनेत तपासले जाते. म्हणजे सूट आणि प्रशिक्षण यांची गाठ बांधली गेली. आपल्या विनियमात ‘काळजी घेऊन’ एवढेच शब्द आहेत. काळजी म्हणजे नेमके काय, शाळेसमोर किती वेग, बाजाराच्या दिवशी किती, हे त्यात नाही.

यात चालक हवालदारावर सगळे ढकलणेही योग्य नाही. मागे बसलेला अधिकारी ‘गाडी पळव’ म्हणतो आणि तो पळवतो. कायद्याला हे माहीत आहे. कलम १८३ नुसार मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गाडी चालवणारा तर दोषी असतोच, शिवाय आपल्या हाताखालच्या माणसाला तशी चालवायला लावणाराही दोषी असतो. हलक्या वाहनासाठी १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम किंवा अवजड वाहनासाठी २,००० ते ४,००० रुपये दंड या कलमात आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम २१०ब आणले. हा कायदा राबवण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. ही दुरुस्ती लागू झाली त्याच महिन्यात, सप्टेंबर २०१९ मध्ये, दिल्ली वाहतूक पोलिसांनी आपल्या कर्मचाऱ्यांना दुप्पट दंडाची आठवण देणारा आदेश काढला होता. तरतूद चांगली आहे. अडचण अशी, की पावती फाडणाराही पोलीस आणि जिच्यावर फाडायची ती गाडीही पोलिसांचीच. आणि सरकारी गाडीचा दंड खात्याच्या पैशातून भरला गेला तर तो शेवटी तुमच्याआमच्या करातूनच जातो. दंड चालवणाऱ्याच्या किंवा चालवायला लावणाऱ्याच्या खिशातून जावा आणि प्रत्येक तातडीच्या फेरीची वेळ व कारण लिहिलेले असावे. एवढे जरी झाले तरी सायरनचा गैरवापर बराच कमी होईल.

तुमच्याही बाजूने एक नियम आहे. सायरन वाजवत येणाऱ्या आपत्कालीन वाहनाला वाट दिली नाही, तर कलम १९४ई नुसार १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रिक्षा, टेम्पो किंवा दुचाकी चालवणाऱ्या वाचकांनी हे विसरू नये. सायरन खरा की खोटा हे ठरवण्याची जागा रस्ता नव्हे. आधी बाजूला व्हा, तक्रार नंतर करा.

धडक बसली तर

आधी उपचार. ‘रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचार योजना, २०२५’ मे २०२५ मध्ये लागू झाली. मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर झालेल्या अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. धडक देणारी गाडी सरकारी होती की खासगी, याने या हक्कात फरक पडत नाही. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या माणसाला कलम १३४अ चे संरक्षण आहे. त्याला स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

मग भरपाई. इथे सरकारी गाडीचा एक वेगळा मुद्दा येतो. प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, पण केंद्र किंवा राज्य सरकारच्या मालकीच्या आणि धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाड्यांना कलम १४६ मधून सूट आहे. त्यामुळे पोलीस गाडीचा विमाच नाही, असे तुम्हाला ठाण्यात ऐकायला मिळेल. हे खरे असू शकते. पण विमा नाही म्हणजे भरपाई नाही, असे मुळीच नाही. विमा कंपनीच्या जागी गाडीची मालक म्हणून राज्य सरकार स्वतः पैसे द्यायला बांधील असते.

‘सरकारवर दावा चालत नाही’ हेही ऐकवले जाते. फेब्रुवारी १९५२ मध्ये उदयपूरला जिल्हाधिकाऱ्यांची सरकारी जीप दुरुस्तीनंतर परत नेत असताना एका पादचाऱ्याला धडक बसली आणि तो दगावला. त्याच्या विधवेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६२ मध्ये न्यायालयाने सांगितले, की चालकाच्या निष्काळजीपणाची जबाबदारी इतर कोणत्याही मालकाप्रमाणे राज्य सरकारवरही येते. राजस्थान सरकार विरुद्ध विद्यावती या नावाने हा निकाल आजही दाखवला जातो. त्यानंतर सरकारी कामाचे वेगवेगळे प्रकार पाडून जबाबदारी टाळण्याचे प्रयत्न झाले, पण वाहन अपघाताच्या दाव्यांत ते फारसे टिकत नाहीत.

भरपाई मागण्याचे दोन रस्ते आहेत. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये, ठरलेली रक्कम. कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. तिथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रक्कम माणसाच्या कमाईवरून ठरते.

फरक किती पडतो ते पाहा. समजा, ३५ वर्षांचा एक मजूर महिन्याला १०,००० रुपये कमवत होता आणि घरात चार माणसे त्याच्यावर अवलंबून होती. सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या पद्धतीने, चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी किंवा ठरावीक पगाराच्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात, म्हणजे १४,०००. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा केला की १०,५०० राहतात. वर्षाचे १,२६,००० झाले. या वयासाठी गुणक १६ आहे. एकूण २०,१६,००० रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेंच्या ठरलेल्या रकमा वेगळ्या. पाच लाख कुठे आणि वीस लाख कुठे. म्हणून कोणी ठरावीक रकमेच्या कागदावर सही करायला सांगितले तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका. कलम १६४ ची रक्कम घेतल्यावर त्याच अपघाताचा मोठा दावा पुढे चालवणे अवघड होते.

कमाईचा पुरावा नसला तरी दावा बुडत नाही. न्यायाधिकरण अनेकदा किमान वेतन धरून हिशेब करते. तरीही रोजगार हमीचे जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, बांधकाम कामगार नोंदणी, बँकेचे पासबुक, मुकादमाच्या हजेरीची प्रत, जे असेल ते जोडा.

अर्ज कुठे करायचा, हा कामासाठी बाहेर राहणाऱ्यांचा मोठा प्रश्न असतो. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. सुरतमध्ये धडक बसली आणि कुटुंब जळगावला परतले, तर जळगावच्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. दर तारखेला सुरतला जाण्याची गरज नाही. कायद्यात अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.

पुरावा कोण लिहिणार?

खरी अडचण हीच आहे. अपघाताचा तपास ज्या ठाण्याने करायचा, गाडी त्याच ठाण्याची असू शकते. २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तुमच्या हक्कांची माहिती देणारा नमुनाही तुम्हाला दिला पाहिजे. तो मागून घ्या.

सगळा दावा बहुतेक वेळा एका साध्या प्रश्नावर येऊन ठेपतो: त्या वेळी सायरन आणि दिवा चालू होता का? म्हणून शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी, वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, सायरन ऐकू आला की नाही आणि कोणी पाहिले, हे कागदावर लिहून ठेवा. जवळच्या दुकानात किंवा टोलनाक्यावर कॅमेरा असेल तर चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती लगेच करा, कारण काही दिवसांनी जुने चित्रण पुसले जाते. सरकारी गाडीची फेरी नोंदवहीत लिहिलेली असते. ११२ वर कॉल आला असेल तर त्याचीही नोंद असते. या दोन्हींच्या प्रती माहिती अधिकाराखाली मागा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला त्यासाठी फी नाही, फक्त त्या कार्डाची प्रत जोडायची. तपास चालू आहे म्हणून माहिती नाकारली, तर न्यायाधिकरणाला हीच नोंदवही मागवायला सांगता येते. गाडी खरोखर तातडीच्या कामावर होती का, हे त्या एका पानावरून कळते.

ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. दुसऱ्या ठाण्यातही तक्रार देता येते, ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते.

धडक देऊन गाडी निघून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तर वेगळी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्ज अपघात झाला त्या भागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. मात्र पाहणाऱ्यांनी गाडी पोलिसांची होती असे सांगितले असेल, तर ‘अज्ञात वाहन’ अशी नोंद मुकाट्याने मान्य करू नका. त्या दोन शब्दांनी तुमची रक्कम वर दाखवलेल्या हिशेबाच्या एक दशांशावर येऊ शकते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये दरवर्षी तुमच्या खात्यातून कापले जात असतील, तर अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचा दावा बँकेत वेगळा करा. भरपाई मिळाली म्हणून हा हक्क जात नाही. पासबुकात ती २० रुपयांची नोंद आहे का, हे आजच पाहून घ्या.

वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या सर्वांना तिथे वकील मोफत मिळतो, दावा पोलीस खात्याच्या विरोधात असला तरीही.